कापलेले नाक आणि जोडणारी ऊती



आजचा विषय शरीरशास्त्राचा असला, तरी त्याची सुरुवात मी इतिहासातून करणार आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याकडची एक हकीकत पत्ररूपाने छापून आली. टिपू सुलतानाशी इंग्रजांचे जे तिसरे युद्ध १७९२ साली संपले, त्यात पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते. त्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. पत्रात त्याचे नाव कावसजी असे दिले आहे. नाव पारशी वाटते, पण पत्रलेखक त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हणतो. कदाचित नाव लिहून घेणाऱ्याच्या कानाचा हा प्रताप असेल.

नाक कापणे म्हणजे नुसती जखम नव्हे, हे आपल्याला निराळे सांगावयास नको. आपल्या भाषेत अब्रू नाकावरच बसलेली आहे. हात गेलेल्या सैनिकाचा लोक आदर करतात; नाक गेलेल्या माणसाकडे पाहून लोक तोंड फिरवतात. कावसजीने असे एक वर्ष काढले. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. हा माणूस वैद्य नव्हता, शास्त्रीही नव्हता. पत्रात त्याची ओळख ‘विटा करणाऱ्या जातीचा’ एवढीच दिली आहे, म्हणून आपल्याकडे त्याला कुंभार म्हणण्याचा प्रघात पडला आहे. मुंबईकडील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली. पत्रात त्यांची नावे आहेत, रोग्याचे आहे. शस्त्र चालवणाऱ्याचे मात्र नाही.

त्याने केले ते असे. मेणाचा पातळ पत्रा घेऊन तो नाकाच्या थोटकावर बसवला व त्याला नाकाचा आकार दिला. मग तो सपाट करून कपाळावर ठेवला व त्याच्या कडेने रेघ ओढली. रेघेच्या आतली कातडी सोडवून घेतली, पण दोन डोळ्यांच्या मधोमध एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली राखली. थोटकाची जुनी वणाची कड खरवडून खाच केली, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणली आणि तिची कड त्या खाचेत बसवली. टाके घातले नाहीत. पाण्यात कालवलेला काथ कापडाच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा पट्ट्या एकीवर एक चिकटवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवले. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घातले. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती राखलेली पट्टी कापली, आणि नाक स्वतंत्र झाले. दहा महिन्यांनी जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. त्यात ते नाक दिसते.

आता प्रश्न असा, की कपाळाची कातडी नाकाच्या जागी चिकटली कशी? काथाने ती धरून ठेवली हे खरे, पण काथ तर चार दिवसांनी काढला. पुढचे जोडकाम शरीराच्या ज्या भागाने केले, त्याला संयोजी ऊती म्हणतात.

ऊती म्हणजे विणलेले. युरोपातील भाषांतील शब्दाचा मूळ अर्थही हाच आहे, आणि सोलापूरच्या मागांचा आवाज ज्यांच्या कानांत आहे त्यांना तो समजावून सांगावयास नको. शरीरात चार प्रकारच्या ऊती आहेत. अंगावर व पोकळ्यांना अस्तर घालणारी एक, हालचाल करणारी स्नायूंची दुसरी, वार्ता नेणारी मज्जांची तिसरी, आणि या तिघींना जागच्या जागी धरून ठेवणारी चौथी, ती संयोजी. हिची गंमत अशी, की इतर ऊतींत जिवंत पेशी दाटीने असतात. हिच्यात त्या विरळ असतात, आणि त्यांनी स्वतःच निर्माण केलेला धागा व लगदा मधल्या जागेत भरलेला असतो. तो लगदा कसा आहे यावरून हिचे प्रकार पडतात.

डाव्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून हालवून पाहा. ती सरकते, कारण तिच्याखाली विरळ संयोजी ऊती आहे, सैल विणीच्या कापडासारखी. कपाळाची कातडीही अशीच सरकते, म्हणून ती सोडवून घेता आली. या सैल थरात चरबी साठली की तीच मेदाची ऊती होते. ती अन्नाचा साठा करते, ऊब राखते, आणि टाचेखाली गादीचे काम करते. उलट जिथे ओढ सोसावयाची असते, तिथे धागे दाट आणि एका दिशेने रचलेले असतात. स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा आणि हाडाला हाडाशी बांधणारे अस्थिबंध ही त्याची उदाहरणे होत.

इथे शब्दांचा एक घोटाळा सांगितला पाहिजे. सुश्रुताच्या शारीरस्थानात नऊशे स्नायू आणि पाचशे पेशी मोजलेल्या आहेत. पण त्याचे स्नायू म्हणजे हे बांधणारे दोर, आणि त्याच्या पेशी म्हणजे आपण आज ज्यांना स्नायू म्हणतो ते. फळ्या अनेक बंधांनी बांधल्यावरच नाव पाण्यात ओझे वाहू शकते, तसे शरीर स्नायूंच्या बंधांनी भार वाहते, असे तो म्हणतो. नाक जोडण्याचा विधीही त्याने दिला आहे. मात्र त्यात माप झाडाच्या पानाने घ्यावयाचे व कातडी गालाची घ्यावयाची. पुण्याच्या कारागिराने कपाळ निवडले. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून कपाळावर रक्तवाहिन्या चढतात, आणि त्या राखलेल्या पट्टीतून त्याच नव्या नाकाला जगवत होत्या. एवढे शरीरशास्त्र त्याच्या हाताला ठाऊक होते.

पॅरिसमध्ये याच सुमारास झेवियर बिशा नावाचा तरुण वैद्य शेकडो प्रेते उघडून पाहत होता. शरीर अवयवांचे नव्हे, तर ऊतींचे बनलेले आहे, हे त्याने १८०१ मध्ये छापलेल्या ग्रंथात मांडले, आणि एकवीस ऊती मोजल्या. सूक्ष्मदर्शकावर त्याचा विश्वास नव्हता. सुरी, पाणी, आम्ल आणि उष्णता एवढ्यावर त्याने हे काम केले. पुढल्याच वर्षी, तिशीतच तो वारला. नंतर जर्मनीत योहानेस म्यूलरने या ऊतीला ‘बांधणारी ऊती’ असे नाव दिले. लंडनमध्ये कार्प्यू या शल्यवैद्याने पुण्याच्या रीतीने १८१४ साली नाक जोडले व १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. युरोपातली नाकाची शस्त्रक्रिया तेथून पुन्हा चालू झाली.

धागा कशाचा, हे कळावयास आणखी बराच काळ लागला. सुताराचा सरस आपण पाहिला आहे. कातडी आणि हाडे उकळून तो करतात. ज्या प्रथिनापासून सरस होतो, त्याला ग्रीक भाषेतल्या सरसावरूनच कोलॅजन म्हणतात. आपल्या शरीरातल्या प्रथिनांपैकी पाव ते एक तृतीयांश हेच आहे. बाभळीची साल व हिरडा घालून कातडे कमावतात, म्हणजे त्यातला तुरट अंश कोलॅजनच्या धाग्यांशी बांधला जाऊन ते कुजेनासे होते. काथातही तोच तुरटपणा आहे. बार्शी भागात विहिरींवर मोटा चालत होत्या तोवर हे कोलॅजन दिवसभर पाणी ओढत होते, आणि पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात म्हणजे आतड्यातली संयोजी ऊतीच होती.

कोलॅजनची घडण मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये उलगडली. तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या; बैलाचे दावे वळताना तीन पेड घेतात, तसे. प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते, कारण पिळाच्या आत दुसरे काही मावतच नाही.

जखम झाली की संयोजी ऊतीतल्या पेशी तिथे सरकत येतात व हा दोर वळू लागतात. रक्ताचा गोठा पहिली मचाण होतो. रक्तसुद्धा संयोजी ऊतीच मानतात. तिचा लगदा पातळ, एवढाच फरक. मग बारीक रक्तवाहिन्या फुटतात, धागे पडतात, वण आवळतो. वण मात्र मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्के बळापलीकडे जात नाही. आणि हा दोर एकदा वळून संपत नाही. जुन्या वणातही त्याची डागडुजी चालूच असते. अॅन्सनच्या १७४०-४४ च्या जगप्रवासात क जीवनसत्त्वावाचून खलाशांना रक्तपिती झाली, तेव्हा एका म्हाताऱ्या सैनिकाची पन्नास वर्षांपूर्वी भरलेली जखम पुन्हा उघडली. क जीवनसत्त्व नसले की पीळ घट्ट बसत नाही.

कावसजीच्या नव्या नाकात एक उणीव होती. खऱ्या नाकाला आतून आधार असतो, वर हाडाचा आणि खाली कूर्चेचा. हाडात कोलॅजनच्या धाग्यांवर चुन्याचे क्षार बसलेले असतात. कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवले तर क्षार विरघळून ते वाकते. चुलीत जाळले तर धागा जळून ते ठिसूळ होते. कूर्चेत क्षारांऐवजी पाणी धरून ठेवणारा घट्ट लगदा असतो, म्हणून कान वाकवला तरी मोडत नाही. पण तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती बिघडली की सहसा भरून येत नाही. कपाळाच्या कातडीत हाडही नाही आणि कूर्चाही नाही. अशी नाके पुढे आकसत, म्हणून नंतरच्या शल्यवैद्यांनी बरगडीची कूर्चा आत घालावयास सुरुवात केली.

कुष्ठरोगात याच्या उलट घडते. बाहेरची कातडी शाबूत राहते, पण आतले अस्तर व मधला कूर्चेचा पडदा नष्ट होऊन नाक बसते, आणि रोग बरा झाला तरी चेहरा माणसाला घरी परतू देत नाही. डॉ. नोशीर अंतिया इंग्लंडमध्ये शिकून आल्यावर पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात अशा रोग्यांच्या हातांवर, पायांवर आणि नाकांवर शस्त्रक्रिया करू लागले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. बसलेल्या नाकात कातडी पुरेशी असते. आतला आवळलेला वण सोडवून तिला नवे अस्तर आणि आधार द्यावा लागतो.

कपाळाच्या कातडीचे नाक आजही करतात, विशेषतः कर्करोगासाठी नाकाचा भाग काढावा लागला तर. आत कूर्चा घालतात, बारीक टाके घालतात, रोग्याला भूल देतात. डोळ्यांमधली पट्टी मात्र तशीच राखतात आणि साधारण तीन आठवड्यांनी कापतात. तोवर नवे धागे पडलेले असतात आणि खालच्या बाजूने नव्या रक्तवाहिन्या आत शिरलेल्या असतात.