विंडो कुठे गेली?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर अनेकांनी एकच प्रश्न विचारला. विंडो उघडताना-मिटताना संगणकावर जे इफेक्ट दिसतात, पारदर्शक कडा, सावल्या, ते सरकणं-विरघळणं, ते ठेवावेत की बंद करावेत? आज त्याबद्दल बोलू. सुरुवात मात्र १९८४ पासून करावी लागेल.

त्या वर्षी जानेवारीत ॲपलचा पहिला मॅकिंटॉश आला. मेमरी १२८ किलोबाइट. पडदा काळा-पांढरा, ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा. म्हणजे नुसतं पडद्यावरचं चित्र साठवायलाच साधारण २२ किलोबाइट, एकूण मेमरीचा सहावा हिस्सा! इतकी ओढाताण असताना चैन कोण करील? तरीही त्या मॅकवर फोल्डर उघडलं की आयकॉनपासून पोकळ चौकटी मोठ्या होत जायच्या आणि मग विंडो दिसायची. ही सजावट नव्हती बरं का. ही विंडो कुठून आली, एवढंच त्या चौकटी सांगत होत्या.

इथे मला आपल्याकडचा एक जुना वाद आठवतो. दिव्याची ज्योत पाहून आपण म्हणतो, 'तीच ही'. या ओळखीला दर्शनांत प्रत्यभिज्ञा म्हणतात. बौद्ध म्हणतात, ज्योत क्षणाक्षणाला नवी असते, सारखेपणामुळे तुम्ही फसता. आणि ज्योतीचं जे, तेच सगळ्या वस्तूंचं. नैयायिकांना हे शेवटचं मान्य नाही. आता संगणकाच्या पडद्यापुरता विचाराल तर बौद्ध जिंकले! तिथे चित्र सेकंदाला साधारण साठ वेळा नव्यानं उमटतं, टिकून राहणारी वस्तू नसतेच. मग विंडो इथे नाहीशी झाली आणि खाली कोपऱ्यात एक आयकॉन उमटला, तर 'तीच ही' म्हणायला डोळ्यांना आधार कशाचा? मधल्या हालचालीचा. २००१ च्या मॅक ओएस टेनमध्ये विंडो दिव्यातल्या जिनीसारखी निमुळती होत खालच्या पट्टीत शिरायची. लोक हसले, पण विंडो कुठे गेली हे कोणाला विचारावं लागलं नाही.

अर्थात हे फुकट नव्हतं. त्याआधी सगळ्या विंडो एकाच पाटीवर काढल्यासारख्या असायच्या. वरची सरकवली की खालचा पुसलेला भाग पुन्हा काढायचा. मॅक ओएस टेननं प्रत्येक विंडोला स्वतंत्र कागद दिला आणि ते कागद एकावर एक रचून पडदा तयार होऊ लागला. १०२४ बाय ७६८ ची एक विंडो म्हणजे तीन मेगाबाइट. आणि यंत्रात किमान मेमरी लागायची १२८ मेगाबाइट. यंत्रं रखडली. २००२ मध्ये हे रचण्याचं काम ग्राफिक्स कार्डाकडे गेलं, तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला. आणि त्याच स्वतंत्र कागदांमुळे २००३ मध्ये एक्सपोझे शक्य झालं: एक कळ दाबली की सगळ्या उघड्या विंडो लहान होऊन शेजारी-शेजारी मांडल्या जातात. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच.

मग चढाओढ सुरू झाली. २००६ मध्ये लिनक्सवर कॉम्पिझ आलं. त्यातला फिरणारा घन मला पटतो, कारण दुसरा डेस्कटॉप उजवीकडे आहे की डावीकडे, हे तो दाखवतो. पण ओढताना जेलीसारखी थरथरणारी विंडो? ती काय सांगते? काही नाही. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा काचेच्या कडा घेऊन बाजारात आली. 'व्हिस्टा कॅपेबल' असा स्टिकर लावलेल्या कित्येक संगणकांवर ती काच चालतच नव्हती. अमेरिकेत त्यावरून मायक्रोसॉफ्टवर खटला झाला. लोकांनी काचेसाठी पैसे मोजले होते हो! पुढे २०१२ च्या विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टनंच ती काच काढून टाकली. (२०२५ मध्ये ॲपलनं 'लिक्विड ग्लास' आणली, ते वेगळंच.)

२०१३ मध्ये आयफोनच्या आयओएस ७ नं झूमचा मारा केला, तेव्हा काही लोकांना चक्क चक्कर यायला लागली. डोळे म्हणतात आपण हललो, कानाच्या आतला तोलाचा अवयव म्हणतो बसलोय. अशा माणसाला इफेक्ट म्हणजे शोभा नाही, शिक्षा आहे. 'रिड्यूस मोशन' ही सोय त्यांच्यासाठीच.

तेव्हा ठेवावं काय? 'बंद करा, संगणक पळेल' हा जुना सल्ला आता अर्धाच खरा. विंडोज ८ पासून कागद रचण्याचं ते काम बंद करताच येत नाही. हालचाल बंद केलीत तर वाचतो तो पाव सेकंदाचा थांबा. तरुणांना, दिवसभर कीबोर्डवर हात असणाऱ्यांना तो खुपतो. त्यांनी खुशाल बंद करावी. संगणक नव्यानं शिकणाऱ्या आजीच्या यंत्रावर मात्र मिनिमाइझची हालचाल राहू द्या. पारदर्शकपणा तेवढा काढा, अक्षरामागे दुसरं अक्षर दिसलं की वाचणं अवघड होतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये या दोन्हींची बटणं वेगवेगळी आहेत. आता प्रश्न घेऊ.