शिकागो, २००९ : दुबळ्या जंतूने घेतलेला बळी

मुंबई-पुण्यात १८९६-९७ साली हाहाकार माजवणारा प्लेगचा जंतू २००९ साली शिकागो विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत जवळजवळ निरुपद्रवी मानला जात होता. अर्थात, हा त्याचा दुबळा झालेला वाण होता. अमेरिकी शासनाच्या घातक जंतूंच्या यादीतूनही तो वगळलेला होता.

या दुबळेपणाचे मूळ लोहात होते. जंतूंना वाढीसाठी लोह लागते. मानवी शरीर मात्र ते प्रथिनांत बांधून ठेवते, जणू कडीकुलपातच. प्लेगचा जंतू यर्सिनियाबॅक्टिन नावाचे द्रव्य सोडून ते हिसकावून घेतो. या वाणातून नेमकी तीच जनुके नाहीशी झाली होती.

या वाणावर काम करणारे साठ वर्षांचे एक संशोधक १३ सप्टेंबर रोजी रुग्णालयात दाखल झाले आणि त्याच दिवशी वारले. त्यांच्या रक्तात तोच वाण सापडला. हातमोज्यांच्या अनियमित वापराची नोंद चौकशी अहवालात आहे. पण तेवढ्याने मृत्यूचा उलगडा होत नाही.

तो झाला मरणोत्तर तपासणीत. त्यांना हिमोक्रोमॅटोसिस होता. हयातीत निदान न झालेला. या आनुवंशिक विकारात अन्नातील लोह गरजेपेक्षा अधिक शोषले जाते आणि यकृतादी अवयवांत साचत राहते. कुलूपच सैल पडलेल्या अशा शरीरात जंतूला हरवलेल्या हत्याराची गरज उरली नसावी, असा तर्क तज्ज्ञांनी मांडला. लोहसंचयाचा विकार असलेल्या उंदरांवरील प्रयोगांनी २०१२ साली त्याला बळ दिले : दुबळा वाण त्यांच्यात पुन्हा प्राणघातक ठरला.