भाऊबंदकीची रंगीत तालीम

नाटकाची रंगीत तालीम पाहण्याचा योग ज्यांना आला असेल त्यांना एक गोष्ट ठाऊक असेलच. पोषाख तेच, संवाद तेच, पडदेही तेच. पण समोरच्या खुर्च्या रिकाम्या असल्यामुळें नटाचा आवाज थोडा ढिला पडतो, तलवारीचे हात सावकाश फिरतात, आणि ज्याला मरून पडावयाचें असतें तो वीर पडण्यापूर्वीं खालीं सतरंजी आहे कीं नाहीं हें हळूच पाहून घेतो. महाविद्यालयांतील स्नेहसंमेलनांच्या निमित्तानें अशा तालमी आम्हीं पुष्कळ पाहिल्या आहेत. तालमींत चुकलें तर कोणी हंसत नाहीं आणि साधलें तरी कोणी टाळी वाजवीत नाहीं. तिचा हिशेब कोठेंच मांडला जात नाहीं, हाच तिचा उपयोग.

खेळांच्या जगांतही अशा तालमी होत असतात. ऑस्ट्रेलियांत उन्हाळा सरत आला म्हणजे, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, त्या देशाच्या स्वतःच्या फुटबॉलचे क्लब मोसम सुरू होण्यापूर्वीं आपसांत सराव-सामने खेळतात. या सामन्यांतील जय-पराजय मोसमाच्या तक्त्यांत धरला जात नाहीं. नवीं मुलें पारखावीं, दुखावलेले गुडघे तपासावे, नव्या युक्त्या करून पाहाव्या, एवढाच त्यांचा हेतु. परंतु दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी जें ॲडलेड शहर, तेथील पोर्ट ॲडलेड व ॲडलेड हे दोन क्लब अशा सामन्यांत समोरासमोर आले, कीं ‘ही नुसती तालीम आहे’ हें वाक्य दोन्हीकडच्या मंडळींना पटवून देणें कठीण होऊन बसतें. ज्याची कोठें नोंद नाहीं अशा विजयासाठीं माणसांनीं जीव कां टाकावा? या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशींच्या खेळांत सांपडत नाहीं; तें इतिहासांत शोधावें लागतें. तोच शोध वाचकांसमोर थोडक्यांत मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम या खेळाविषयीं दोन शब्द. आपल्या परिचयाच्या फुटबॉलशीं त्याचें नात्यापेक्षां नामसाम्यच अधिक. मैदान क्रिकेटचें, म्हणजे लंबवर्तुळाकार. चेंडूही तसाच लांबट. प्रत्येक पक्षाचे अठरा गडी मैदानावर. चेंडू पायानें मारावा, मुठीनें ठोसावा, किंवा हातांत घेऊन पळावें. मात्र पळतांना ठराविक अंतरानें तो जमिनीवर आपटणें किंवा जमिनीला टेंकविणें भाग असतें. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोहोंतून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. नेम थोडक्यांत चुकला तरी एक गुण पदरांत घालणारा हा उदार खेळ आहे!

या खेळाचा जन्मच मुळीं तालमीच्या पोटीं झाला. मेलबर्नचा नामांकित क्रिकेटपटु टॉम विल्स यानें १८५८ च्या जुलै महिन्यांत एका वृत्तपत्रास पत्र लिहून सुचविलें कीं, हिवाळ्यांत क्रिकेटपटूंचीं शरीरें सुस्त होऊं नयेत म्हणून त्यांनीं फुटबॉलचा एक क्लब काढावा. पुढील वर्षीं, १८५९ सालीं, मेलबर्नच्या क्लबानें आपले नियम लिहून काढले. इंग्लंडांतील फुटबॉल असोसिएशननें आपले नियम १८६३ सालीं केले, हें लक्षांत घेतलें म्हणजे या खेळाचें वय ध्यानांत येईल. तात्पर्य, जो खेळ प्रारंभीं दुसऱ्या खेळाची पूर्वतयारी म्हणून निघाला, त्यालाच आज स्वतःची पूर्वतयारी लागते. साधन म्हणून आलेली वस्तु साध्य होऊन बसल्याचीं उदाहरणें इतिहासांत कमी नाहींत. त्यांतलेंच हें एक.

आतां ॲडलेडकडे वळूं. मराठी वाचकाला हें नांव अपरिचित नाहीं. सांगलीच्या मातींत जन्मलेल्या विजय हजाऱ्यांनीं १९४८ च्या जानेवारींत एकाच कसोटी सामन्याच्या दोन्ही डावांत, ११६ व १४५ धावा करून, शतकें झळकाविलीं तीं याच शहराच्या ओव्हल मैदानावर. उन्हाळ्यांत क्रिकेट आणि हिवाळ्यांत फुटबॉल, असा या मैदानाचा दुहेरी संसार आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत १८३६ सालीं स्थापन झाली. कर्नल विल्यम लाइट यानें राजधानीचा आराखडा आंखला. सरळ रस्ते, चौक आणि सभोंवार उद्यानांचा पट्टा अशी तिची नेटकी मांडणी. बंदर मात्र शहरापासून दूर, वायव्येस खाडीच्या कांठीं. शहरांत कचेऱ्या, पेढ्या व चर्चें. बंदरांत गोद्या, गुदामें आणि ओझीं वाहणारे हात. एकाच वसाहतीचीं हीं दोन तोंडें प्रथमपासूनच निरनिराळ्या दिशांना पाहत होतीं.

बंदरवासीयांनीं १८७० सालीं आपला फुटबॉल क्लब काढला, तोच पोर्ट ॲडलेड. १८७७ सालीं प्रांतांतील क्लबांची संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत हा क्लब होता. १८८० पासून आल्बर्टन येथील मैदान हें त्याचें घर. १९०२ सालीं त्यानें काळा व पांढरा हे रंग घेतले. त्या पट्ट्यांच्या जर्सीकडे पाहून लोकांना गोदीचे खांब आठवतात. १९१४ सालीं हा संघ एकही सामना न हरतां अजिंक्य ठरला, आणि १९५४ पासून १९५९ पर्यंत ओळीनें सहा वर्षें त्यानें प्रांताचें अजिंक्यपद सोडलें नाहीं. घरांतला एक भाऊ असा सतत वरचढ ठरूं लागला म्हणजे इतरांच्या मनांत काय साठत जातें, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. पोर्टच्या लोकांना वाटे, शहर आपल्याला कमी लेखतें. शहराला वाटे, बंदर उद्दाम आहे. दोघांच्याही म्हणण्यांत थोडें-थोडें तथ्य होतें.

ठिणगी पडली ती १९९० सालीं. मेलबर्नच्या क्लबांची जी व्हिक्टोरियन लीग, तिनें हळूहळू सर्व देश व्यापण्यास आरंभ केला होता. १९८२ सालीं तिचा एक संघ सिडनीस गेला. १९८७ सालीं पर्थ व ब्रिस्बेन येथील संघ आले. १९९० सालीं तिनें ‘ऑस्ट्रेलियन’ हें नांव धारण केलें. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या दहा क्लबांनीं मात्र इतक्यांत तिकडे जाण्याची घाई करूं नये असें एकमतानें ठरविलें होतें. आणि त्याच वर्षींच्या उन्हाळी-हिवाळी हिशेबाच्या ऐन मध्यावर, जुलैच्या अखेरीस, बातमी फुटली कीं पोर्ट ॲडलेडनें गुप्तपणें स्वतंत्र बोलणें चालविलें आहे! प्रांतभर गहजब उडाला. प्रकरण न्यायालयांत गेलें. शेवटीं प्रांतिक संघटनेनेंच पुढाकार घेऊन सर्व प्रांताचा म्हणून एक नवा संघ देऊं केला; तो मान्य होऊन ॲडलेड क्लब जन्मास आला. प्रांताच्या ध्वजांतील निळा, तांबडा व सोनेरी हे रंग त्यानें घेतले.

या प्रकरणाचा निवाडा कसा करावा? एक पक्ष म्हणतो, पोर्टनें विश्वासघात केला. सर्वांनीं मिळून केलेला ठराव एकट्यानें मोडला. दुसरा पक्ष म्हणतो, जें आज ना उद्यां व्हावयाचेंच होतें तें पोर्टनें अगोदर ओळखलें. आणि पोर्टनें दार ठोठावलें नसतें तर संघटना झोंपेंतून उठली तरी असती काय? आमच्या मतें दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या आहेत, आणि म्हणूनच तो वाद मिटला नाहीं. वचनभंग व दूरदृष्टि यांची गांठ पुष्कळदां एकाच कृत्यांत पडते; त्या कृत्याचें फळ ज्याच्या पदरांत पडतें तो दूरदृष्टीचें कौतुक करतो, ज्याला झळ लागते तो वचनाची आठवण काढतो. येथें तर विपरीत असें घडलें कीं धाडस पोर्टनें केलें आणि फळ नव्या क्लबाला मिळालें. २२ मार्च १९९१ रोजीं ॲडलेडनें आपला पहिला सामना हॉथॉर्न या बलाढ्य संघाविरुद्ध तब्बल ८६ गुणांनीं जिंकला. हॉथॉर्नच पुढें त्या वर्षींचा अजिंक्य संघ ठरला. पोर्टला वाट पाहावी लागली ती १९९७ पर्यंत. तेथें प्रवेश मिळतांना परंपरेनें चालत आलेलें मॅगपाय पक्ष्याचें चिन्हही बाजूस ठेवावें लागलें. कारण तें चिन्ह व ते रंग मेलबर्नच्या कॉलिंगवुड क्लबाचे होते.

२० एप्रिल १९९७ रोजीं दोघांचा पहिला सामना झाला. या लढतींना तेथें ‘शोडाऊन’ म्हणतात. नवख्या पोर्टनें तो अकरा गुणांनीं जिंकला. परंतु दैवाची गंमत अशी कीं त्याच वर्षीं व पुढील वर्षीं सर्व देशाचें अजिंक्यपद मात्र ॲडलेडनें मिळविलें. पोर्टला तें २००४ सालीं लाभलें. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: या दोन्ही क्लबांचे परवाने २०१४ पर्यंत त्या एकाच प्रांतिक संघटनेच्या हातीं होते. म्हणजे जमीन एक, सातबारा एक, आणि बांधावरून भांडणारे भाऊ दोन! याला भाऊबंदकी म्हणूं नये तर काय म्हणावें?

मोसमापूर्वींच्या सामन्यांचा रंग या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. १९८८ पासून २०१३ पर्यंत या सामन्यांची रीतसर स्पर्धा होती व तिला एक करंडकही होता. मोठे क्लब त्याला फारसें महत्त्व देत नसत. नियमांचे प्रयोग तेथेंच होत. उदाहरणार्थ, २००३ पासून पन्नास मीटरांपलीकडून मारलेल्या गोलास सहाऐवजीं नऊ गुण देण्याची रीत तेथें होती, जी खऱ्या मोसमांत कधींच आली नाहीं. हा करंडक २००१ व २००२ सालीं पोर्टनें जिंकला, आणि २००३ सालीं ॲडलेडनें. जगाच्या दृष्टीनें हीं तालमींतलीं बक्षिसें. पण जेथें शेजारच्या घरांत दुसऱ्या क्लबाचा चाहता राहतो, एकाच कचेरींत दोन टेबलांवर दोन रंग बसतात, लग्नामुळें एकाच कुटुंबांत दोन्ही पक्ष नांदतात, तेथें तालमींतला पराभवही दुसऱ्या दिवशीं चहाबरोबर गिळावा लागतो. करंडकाची स्पर्धा बंद झाली, सामने राहिले. आणि त्यांची नोंद तक्त्यांत होत नसली तरी लोकांच्या तोंडीं होतच राहिली.

तर मग हें वैर शहराला दुभंगणारें आहे काय? असा प्रश्न विचारी वाचक करील. त्याचें उत्तर २०१५ सालच्या एका दुःखद घटनेनें दिलें आहे. त्या वर्षीं ॲडलेडचे प्रशिक्षक फिल वॉल्श हे होते. तत्पूर्वीं त्यांनीं अनेक वर्षें पोर्टमध्यें साहाय्यक प्रशिक्षक म्हणून काम केलें होतें. २००४ च्या विजयांत त्यांचा वाटा होता. ३ जुलै २०१५ रोजीं राहत्या घरींच त्यांची हत्या झाली. ॲडलेडचा त्या आठवड्याचा सामना रद्द करून गुण दोन्ही संघांना वांटून देण्यांत आले. देशांतील इतर मैदानांवर सामना संपल्यावर दोन्ही पक्षांचे खेळाडू मधोमध येऊन एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून वर्तुळ करून उभे राहिले. विजयाचीं गाणीं कोणीं गाइलीं नाहींत. १९ जुलैस शोडाऊन होता. दोन्ही क्लबांचा शोक एकाच माणसासाठीं होता. सामना अटीतटीचा झाला. ॲडलेडनें तो अवघ्या तीन गुणांनीं जिंकला. त्या दिवशींच्या सर्वोत्तम खेळाडूच्या पदकास वॉल्श यांचें नांव देण्यांत आलें होतें; तें ॲडलेडच्या स्कॉट थॉम्प्सनला मिळालें.

आम्हांस यांत लक्षणीय वाटतें तें हें कीं, शोक करण्यासाठीं त्या दोघांनीं आपलें वैर मोडलें नाहीं. कोणी सौम्यपणें खेळलें नाहीं, कोणी विजय दान केला नाहीं. पूर्ण बळानिशीं लढणें हाच तेथें मृताचा मान होता. प्रतिस्पर्धी हा आपल्या आयुष्याचा साक्षीदार असतो. आपण काय होतों, काय झालों, कोठें चुकलों, हें मित्रापेक्षांही तो अधिक नेमकें जाणतो. जो भाऊ बांधावरून भांडतो, तिरडीला पहिला खांदाही तोच देतो.

जुनीं दुःखें तेथें अजून पूर्ण शमलेलीं नाहींत. आपल्या जुन्या पट्टेदार जर्सीसाठीं पोर्टनें दीर्घकाळ आग्रह धरला. २०२१ सालीं ती मैदानावर घालण्याची परवानगी नाकारली गेली, तेव्हां शोडाऊन जिंकल्यावर खेळाडूंनीं ती आपल्या खोलींत जाऊन चढविली व मग क्लबाचें गाणें म्हटलें. २०२३ सालीं कॉलिंगवुडशीं समझोता होऊन शोडाऊनमध्यें ती घालण्यास मोकळीक मिळाली. कापडाच्या तुकड्यासाठीं एवढा अट्टहास कशाला, असें कोणी म्हणेल. पण बंदराची गोदी ओस पडली, जुने कामगार गेले, तरी त्यांची आठवण ज्या कापडांत उरली आहे तें कापड स्वस्त कसें म्हणावें?

तेव्हां, ज्या सामन्याची कोठें नोंद होत नाहीं त्यासाठीं माणसें जीव कां टाकतात, या आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर एवढेंच: समोर कोण उभा आहे हें त्यांना ठाऊक असतें. परक्यासमोर तालीम करतां येते. भावासमोर ती करतां येत नाहीं. तेथें नट सतरंजी न पाहतांच पडतो.