ॲशवेलची बोलकी भिंत

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरच्या उत्तर टोकाला ॲशवेल गाव आहे. तिथल्या सेंट मेरी चर्चचा मनोरा १७६ फूट उंच. एवढ्याशा गावाच्या मानाने फारच मोठा. चर्चचं बरंचसं बांधकाम चौदाव्या शतकातलं, दगड तिथलाच, ‘क्लंच’ नावाचा. खडूच्या जातीचा, पांढरट, खिळ्यानेसुद्धा ओरखडा उठेल इतका मऊ. दगडी इमारतींच्या डागडुजीत माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून सांगतो: असा दगड बाहेरून लावला की पुढच्या प्रत्येक पिढीला दुरुस्ती चुकत नाही. ऊन-पावसाने आणि गोठणाऱ्या पाण्याने त्याचे पापुद्रे सुटत राहतात.

आत मात्र हाच मऊपणा उपकारी ठरला. मनोऱ्याच्या आतल्या उत्तर भिंतीवर कोणीतरी लॅटिन ओळी कोरून ठेवल्या आहेत. सालसुद्धा वृत्तात बसवलंय: हजार, तीनदा शंभर, पाचदा दहा. म्हणजे १३५०. प्लेग १३४८ साली डॉर्सेटच्या किनाऱ्यावर उतरला आणि पाहता पाहता देशभर पसरला. कोरणारा १३५० या वर्षाला दीनवाणं, क्रूर म्हणतो. साक्ष द्यायला उरला तो फक्त माणसांचा गाळ, असं लिहितो. स्वतःलाही तो त्या गाळातच धरतो, हे वाचताना माझ्या घशाशी आवंढा येतो.

शेवटी १३६१ सालचं वादळ येतं, सेंट मॉरसच्या दिवशीचं. आजच्या हिशेबाने १५ जानेवारी १३६२; तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्याच वादळात नॉर्विच कॅथेड्रलचा कळस कोसळला. त्याआधीच्या वर्षात प्लेग पुन्हा आला होता आणि या खेपेला मुलं फार गेली.

जवळच एका मोठ्या चर्चचं कोरीव रेखाचित्र आहे. १६६६च्या आगीत गेलेलं लंडनचं जुनं सेंट पॉल्स ते हेच, असं मानतात.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो खांबावरचा एक छोटा लॅटिन शेरा: कोपऱ्यांचे सांधे नीट बसलेले नाहीत, थू! कोणी लिहिला, नोंद नाही. पण पाद्री सांधे बघत नाही. हा माणूस पाथरवट असणार, नाहीतर कामावरचा मुकादम. आणि दुसऱ्याने केलेलं काम त्याला सहन झालं नव्हतं.