काचेवर सालच लिहिलेलं नसेल, तर तिचं वय कसं ओळखतात?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेमतेम १६ सेंटीमीटर उंचीचा काचेचा एक पेला आहे. खाली निमुळता, वर पसरट. अंगावर निळ्या, हिरव्या, लाल, पांढऱ्या रंगांची नक्षी आणि सोनेरी मुलामा. त्यावर ना कारागिराचं नाव, ना साल. तरीही तो १३५० च्या सुमारास सीरिया किंवा इजिप्तमध्ये बनला, असं अभ्यासक सांगतात. हे ठरलं कसं?

परीचा पेला

हा पेला उत्तर इंग्लंडमधल्या ईडनहॉल इथल्या मसग्रेव्ह घराण्याकडे पिढ्यानपिढ्या होता. दंतकथा अशी, की विहिरीपाशी जमलेल्या पऱ्या तो मागे सोडून गेल्या आणि जाताना बजावून गेल्या, पेला फुटला तर घराण्याचं नशीबही संपेल. म्हणून त्याचं नाव पडलं ‘लक ऑफ ईडनहॉल’. धर्मयुद्धावरून परतलेल्या कुणीतरी तो आणला, असंही सांगितलं जातं.

बुडबुड्यांवरून वय कळतं का?

नाही. हाताने फुंकलेल्या काचेत बुडबुडे असू शकतात, जाडी कमी-जास्त असते. काम चालू असताना भांडं लोखंडी सळीला चिकटवलेलं असतं. ती सळी तोडल्यावर बुडाशी खरखरीत व्रण राहतो, त्याला ‘पाँटिल मार्क’ म्हणतात. पण या खुणा वस्तू कशी बनली एवढंच सांगतात, कधी बनली ते नाही. फिरोजाबादमध्ये आजही काच फुंकली जाते. तिच्यावरही अशा खुणा सापडू शकतात.

कार्बन डेटिंगही इथे कामाचं नाही. ते लाकूड, हाडं, कापड अशा एकेकाळी सजीव असलेल्या गोष्टींवर चालतं. काच बनते वाळू, क्षार आणि चुन्यापासून.

मग पुरावा कुठला?

पहिला पुरावा म्हणजे नक्षी. रंगीत काचेची पूड भांड्यावर लावून ते पुन्हा तापवायचं, हे मीनाकारीचं तंत्र १३ व्या-१४ व्या शतकात सीरिया आणि इजिप्तमध्ये भरात होतं. त्याच काळातल्या कैरोच्या मशिदींतल्या काचेच्या दिव्यांवर सुलतानांची आणि अमीरांची नावं आहेत. त्यामुळे त्या दिव्यांचा काळ कळतो. बेवारस वस्तूची तुलना अशा तारीख माहीत असलेल्या वस्तूंशी केली जाते.

दुसरा पुरावा म्हणजे रसायन. सीरिया-इजिप्तच्या त्या काळातल्या काचेत खाऱ्या जमिनीतल्या झुडपांच्या राखेतला सोडा असतो. मध्ययुगीन उत्तर युरोपात जंगलातल्या लाकडाची राख वापरत, म्हणून तिथल्या काचेत पोटॅश जास्त. काचेत शिसं भरपूर असेल आणि ती इंग्लंडची म्हणून दाखवली जात असेल, तर ती बहुधा १६७४ नंतरची. त्या वर्षी जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने तशा काचेचं पेटंट घेतलं होतं.

तिसरा पुरावा म्हणजे वस्तूसोबत आलेल्या गोष्टी. या पेल्याला मापाची चामडी पेटी आहे. ती युरोपात बनलेली असून झाकणावर ‘आयएचएस’ हे ख्रिस्ती चिन्ह आहे. म्हणजे पेला मध्ययुगातच युरोपात पोचला होता आणि कुणीतरी तो जपण्याजोगा मानला होता.

आता धर्मयुद्धाची गोष्ट तपासून पाहू. धर्मयोद्ध्यांचं सीरियाच्या किनाऱ्यावरचं शेवटचं मोठं ठाणं, एकर, १२९१ मध्येच पडलं. पेला त्यानंतर पन्नासेक वर्षांनी बनलेला. त्यामुळे तो त्या मोहिमांतून आला असण्याची शक्यता फार कमी उरते.

घरात जुनी काच असेल तर?

माळ्यावरची हंडी किंवा अत्तरदाणी सापडली, की ‘बेल्जियमची असणार’ असं पटकन म्हटलं जातं. आधी ती घासूनपुसून चकचकीत करणं टाळावं. मुलामा आणि बुडाची झीज हाच पुरावा असतो. खरी झीज वस्तू जिथे टेकते तिथेच, वेड्यावाकड्या बारीक ओरखड्यांची असते. सगळे ओरखडे एकाच दिशेने असतील तर संशय घ्यावा. मूळ पेटी, पावती, जुने फोटो जपावेत आणि वस्तू कुणी, कुठून आणली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावं.

मसग्रेव्हांचा पेला १९२६ मध्ये म्युझियमकडे ठेवायला दिला गेला आणि १९५८ मध्ये म्युझियमचाच झाला. दरम्यान १९३४ मध्ये ईडनहॉलची हवेली पाडली गेली. पेला मात्र अजूनही अखंड आहे. परीची गोष्ट त्याचं मूळ सांगण्यात चुकली, पण तो फुटू नये म्हणून पिढ्यांना धाकात ठेवण्याचं काम तिने केलं असावं.