ग्रिफिनच्या धक्क्यावरची रात्र

१६ डिसेंबर १७७३, बॉस्टन. दिवसभर गार पाऊस पडून गेलाय, अंगावरचा लोकरीचा कोट भिजून जड झालाय. ओल्ड साउथ प्रार्थनागृहात तुम्ही खांद्याला खांदा लावून उभे आहात. सोळा हजारांच्या शहरातली जवळजवळ पाच हजार माणसं इथं जमली आहेत. मेणबत्त्या लागल्या आहेत आणि सगळ्यांचे डोळे दाराकडे आहेत.

वाट बघताय ती फ्रान्सिस रॉचची. त्याचं ‘डार्टमथ’ जहाज २८ नोव्हेंबरला ईस्ट इंडिया कंपनीचा चहा घेऊन बंदरात आलं. वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त, आणि ती मुदत आता संपत आलीय. चहासकट परत जायची परवानगी मागायला तो गव्हर्नर हचिन्सनकडे मिल्टनला गेलाय. हा चहा विकायला नेमलेल्या मोजक्या व्यापाऱ्यांत गव्हर्नरचेच दोन मुलगे आहेत.

“पण चहा तर स्वस्त झालाय ना?” तुम्ही शेजारच्या पिंपं बांधणाऱ्या कारागिराला विचारता. खरंच झालाय. ब्रिटिश संसदेनं यंदा कायदा करून कंपनीला वसाहतींत थेट माल विकायची मुभा दिलीय. पौंडामागे जकात अवघी तीन पेन्स.

“आज तीन मुकाट्यानं दिले, तर उद्या तीस मागतील,” तो म्हणतो. “त्या संसदेत आमचा एक माणूस नाही. आमच्या खिशात हात घालणारे ते कोण?”

हा माणूस पैशाला चिकटलेला नाही. तंबाखू आधी इंग्लंडलाच न्यायचा, लोखंडाच्या ठरावीक भट्ट्या नव्यानं घालायच्या नाहीत, हे जाच इथल्या लोकांनी कुरकुरत का होईना सोसले. पण वसाहतींवर लादलेला मुद्रांक कर रद्द करावा लागला त्याच वर्षी, १७६६ साली, वसाहतींसाठी हवा तो कायदा करायचा हक्क आपलाच, असं संसदेनं ठरवून टाकलं. ते मात्र त्याला सोसवत नाही. मला त्याचं म्हणणं पटतं.

पावणेसहाच्या सुमारास रॉच परततो. परवानगी नाही. सभेचे पुढारी सॅम्युएल अॅडम्स उभे राहून सांगतात की या सभेच्या हातात आता काही उरलेलं नाही. बाहेर आरोळी उठते आणि गर्दी तुम्हाला ग्रिफिनच्या धक्क्याकडे ओढून नेते.

तोंडाला काजळी फासलेली माणसं ‘डार्टमथ’सह चहाच्या तीन जहाजांवर चढतात. मग बोलणं जवळजवळ थांबतं, ऐकू येतात फक्त कुऱ्हाडीचे घाव. ३४२ पेट्या फुटतात. ओहोटी लागलेली आहे, त्यामुळं चहा बुडत नाही. उथळ पाण्यात त्याचे ढीग चढतात आणि पोरं ते पायांनी विस्कटतात. तीन तासांत ९२,००० पौंड चहा संपतो. दुसऱ्या कशाला हात लागत नाही. एक कुलूप फुटलं, तेही नंतर भरून दिलं जातं.

याच ‘डार्टमथ’नं फिलिस व्हीटलीच्या कवितासंग्रहाच्या प्रतीही आणल्या होत्या. लहानपणी आफ्रिकेतून आणून ती याच शहरात विकली गेली. ओल्ड साउथ तिचंही प्रार्थनागृह. आज तिथं स्वातंत्र्याचा घोष करणाऱ्या शहरात अजून गुलाम आहेत. हे विसरून ही रात्र सांगू नये.

आणि कंपनी? १७७० च्या बंगालच्या भीषण दुष्काळातही तिनं सारावसुली थांबवली नव्हती. तरी दोनच वर्षांत तिचं दिवाळं निघायची वेळ आली आणि लंडनच्या गोदामांत चहा पडून राहिला. त्या कंपनीला सावरायला संसदेनं चौदा लाख पौंडांचं कर्ज दिलं, आणि चहाही बॉस्टनच्या गळ्यात घातला.

मार्च १७७५ मध्ये याच कंपनीनं सुरतेत पेशवेपदावर दावा सांगणाऱ्या राघोबादादांकडून साष्टी आणि वसई लिहून घेतली. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १९ एप्रिलला, बॉस्टनजवळ लेक्सिंग्टनला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली.