नाव न लिहिलेली कथा

बोर्डाच्या परीक्षेत आपण सगळ्यांनी एक नियम पाळलाय. उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचं नाही, फक्त बैठक क्रमांक. पोरगा कुणाचा, शाळा कुठली, हे तपासणाऱ्याला कळता कामा नये.

१९७४ साली मुंबईतल्या एका प्राध्यापकाने हाच नियम स्वतःहून पाळला. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली होती. त्यासाठी 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखक : नारायण विनायक जगताप. परीक्षकांनी तिला पहिलं बक्षीस दिलं आणि मग उलगडा झाला, की असे कुणी जगताप नाहीतच! आद्याक्षरं उलटी वाचा. ना. वि. ज. म्हणजे ज. वि. ना., अर्थात जयंत विष्णु नारळीकर. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढली होती त्यांच्या पत्नीने, म्हणजे गणितज्ञ मंगलाताईंनी.

ज्याला वयाची २६ वर्षं पूर्ण असतानाच पद्मभूषण मिळालं, ज्याचं नाव घरोघरी ठाऊक होतं, त्याला हा उपद्व्याप कशाला? नुसत्या नावावर कुठल्याही संपादकाने कथा छापली असती. पण कथा चांगली आहे म्हणून छापली की नारळीकरांची आहे म्हणून, हे मग कधीच कळलं नसतं.

२० मे २०२५ ला पुण्यात नारळीकर गेले. त्यानंतर आमच्या मंडळाच्या वाचनालयाची खोकी आवरताना त्यांची तीन-चार पुस्तकं हाती लागली. एकाची पानं सुटलेली, एकावर कुणाच्या तरी चहाचा गोल डाग. शाळेत असताना मी ती अधाशासारखी वाचली होती. या वेळी वाचताना ती 'बैठक क्रमांका'ची गोष्ट मनातून जाईना. मला वाटतं, त्यांच्या विज्ञानाची आणि लेखनाची किल्ली तिथेच आहे.

१९ जुलै १९३८ ला कोल्हापुरात जन्म. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. शिक्षण बनारसला, १९५७ साली बी.एस्सी. आणि मग केंब्रिज. तिथे गणिताच्या ट्रायपॉसमध्ये सीनियर रँग्लर झाले आणि संशोधनासाठी मार्गदर्शक मिळाले फ्रेड हॉइल.

हॉइल हे भलतंच प्रकरण होतं. विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावतं पण नवं द्रव्य तयार होत राहतं, असा स्थिर स्थिती सिद्धांत त्यांनी बाँडी आणि गोल्ड यांच्याबरोबर १९४८ साली मांडला होता. विरोधी सिद्धांताला 'बिग बँग' हे नाव १९४९ साली बीबीसीवर बोलताना दिलं तेही याच हॉइलनी! शिवाय ते कादंबऱ्या लिहीत. सूर्यमालेत शिरणाऱ्या बुद्धिमान वायुमेघाची 'द ब्लॅक क्लाउड' ही त्यांची कादंबरी १९५७ ची, म्हणजे नारळीकर केंब्रिजला पोचले त्याच वर्षाची. मोठ्या शास्त्रज्ञाने गोष्टी लिहिल्या तर त्याचं काही बिघडत नाही, हे शिष्याला आयतंच पाहायला मिळालं.

१९६१ साली केंब्रिजचेच मार्टिन राइल यांनी दूरच्या रेडिओस्रोतांची मोजदाद करून स्थिर स्थिती सिद्धांत चुकीचा असल्याचा दावा केला. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत त्याला उत्तर द्यायला हॉइलच्या वतीने उभा राहिला २२ वर्षांचा विद्यार्थी जयंत. पुढे १९६४ साली दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि भारतात नारळीकरांचं नाव झालं. पण दुसऱ्याच वर्षी पेंझियास आणि विल्सन यांना अवकाशात सर्वत्र पसरलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी त्यात बिग बँगची खूण पाहिली. स्थिर स्थिती मागे पडली.

१९७२ मध्ये नारळीकर मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पंधरा वर्षं केंब्रिजमध्ये काढलेला माणूस, इंग्रजीत लिहिणं त्यांना अगदी सोपं होतं. तरी पहिली विज्ञानकथा मराठीत उतरली. त्यांनीच सांगितलेली हकिकत अशी, की अहमदाबादच्या एका परिसंवादात एक वक्ता इतका कंटाळवाणा बोलत होता, की टिपणांसाठी दिलेल्या कागदांवर त्यांनी कथा लिहायला घेतली. (आमच्या प्रोजेक्टच्या मीटिंगांमधून एवढ्यात एक खंडकाव्य व्हायला हवं होतं!)

त्याआधी मराठीत विज्ञानकथा नव्हती असं नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणलाच होता. पण रोज ज्या समीकरणांशी झटापट करतो, त्यांचीच गोष्ट सांगणारा शास्त्रज्ञ मिळणं, हे नवं होतं. 'यक्षांची देणगी' हा संग्रह १९७९ मध्ये आला. मग 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस', 'अभयारण्य' या कादंबऱ्या आल्या. मोबियसच्या पट्टीसारखी अवघड कल्पना त्यांनी गणपतीची सोंड आणि क्रिकेट यांच्या आधाराने समजावली ती 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये.

माझी लाडकी कथा 'गंगाधरपंतांचे पानिपत'. १४ जानेवारी १७६१, विश्वासरावांना गोळी लागली आणि मराठी सैन्याचा धीर सुटला. ती गोळी कानाजवळून निघून गेली असती तर? इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशाच एका जगात जाऊन पोचतात. तिथे मराठे जिंकलेले आहेत आणि मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार अजून चालू आहे. असं 'जर-तर' आपण सगळेच चहाबरोबर करतो. नारळीकर तिथे थांबत नाहीत. कणाच्या पातळीवर निसर्ग अनेक शक्यता खुल्या ठेवतो, या पुंजभौतिकीतल्या कल्पनेवर ते सगळा डोलारा उभा करतात. पुढे ही कथा इंग्रजीत 'द अॅडव्हेंचर' म्हणून एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात गेली.

'वामन परत न आला' तर माझ्या धंद्याच्या मुळाशीच हात घालते. वामन हा यंत्रमानव. जुन्या, नष्ट झालेल्या संस्कृतीने मागे ठेवलेल्या माहितीवरून तो बांधला जातो. पण त्याला स्वतःसारखे आणखी वामन बनवता आले तर? बळीराजाकडे तीन पावलं जमीन मागणाऱ्या बटूची गोष्ट आपल्याला तोंडपाठ असते, म्हणून शीर्षक वाचूनच पोटात गोळा येतो. ही कादंबरी १९८० च्या दशकातली. माझ्या ऑफिसात आज यंत्रच यंत्रासाठी कोड लिहितंय, तेव्हा ती आठवली नाही असा आठवडा जात नाही.

त्यांच्या लेखनात उणिवा नाहीत का? आहेत. पात्रं कधीकधी फळ्यासमोर उभी राहून बोलतात, मनाची गुंतागुंत फारशी दिसत नाही. पण विज्ञानाच्या बाबतीत ते वाचकाला फसवत नाहीत.

पुण्यात १९८८ साली त्यांनी 'आयुका' उभी केली आणि २००३ पर्यंत ते तिचे संचालक होते. २००८ साली त्यांनी काही सहकाऱ्यांबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका, नावं काढून टाकलेल्या. प्रत्येक ज्योतिषाने चाळीस पत्रिका पाहून मूल कुठल्या गटातलं ते सांगायचं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी यश ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास गेलं असतं! पुन्हा तोच बैठक क्रमांक.

आणि हा नियम त्यांना स्वतःलाही जाचला. विश्वरचनेच्या परीक्षेत त्यांच्या बाजूला कमी गुण पडले, आजही पुरावा बिग बँगकडेच झुकतो. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी सिद्धांताची सुधारलेली आवृत्ती मांडली, तीही फारशी स्वीकारली गेली नाही. तरी ते गणितं मांडत राहिले. पद्मविभूषण आहे म्हणून माझं ऐका, असं त्यांनी म्हटलं नाही.

२०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, तेव्हा प्रकृतीमुळे त्यांना तिथे जाता आलं नाही. खुर्ची रिकामी होती, पण तिथवर त्यांची कथा पोचली होती.

मी दिवसभर इंग्रजीत काम करतो. 'आपल्या कामाबद्दल मराठीत बोलताच येत नाही हो,' असं मी पार्ट्यांमध्ये कितीदा तरी म्हटलंय. खोकी आवरल्यापासून ते म्हणायची जरा लाज वाटते. केंब्रिजहून परतलेल्या माणसाला कृष्णविवराबद्दल मराठीत बोलता आलं, तर मला माझ्या सर्व्हरबद्दल का नाही?

सुटलेली पानं मी चिकटवली आहेत. दिवाळीच्या कार्यक्रमात ही पुस्तकं वाचनालयाच्या टेबलावर असतील, एखादं घरी न्या. मुलांना गोष्ट वाचून दाखवा, लागेल तिथे इंग्रजीत समजावा. लेखक किती मोठा होता ते मात्र आधी सांगू नका. गोष्ट आवडली तर मुलं आपणहून नाव विचारतील.

शुभ दीपावली!